मन खातं तेव्हा

बोरीहून बोलतोय. आपलं जिंतूर तालुक्यातलं बोरी, परभणीहून जिंतूरला जाताना लागतं ते. मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, खोलीची खिडकी रस्त्यावर आहे आणि सध्या सोयाबीन घरी येतंय.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्यापासून करतो.

बारावीनंतर दोन हंगाम मी एका आडत दुकानात काटापट्ट्या लिहायला होतो. दुकान कुठलं ते सोडा. एके रात्री, गर्दी ओसरल्यावर, दिवसभराच्या बेरजा तपासताना लक्षात आलं की शेजारच्या गावच्या एका तात्यांच्या मालात पन्नास किलो कमी धरले गेलेत. वजन काट्यावर बरोबर झालं होतं, चूक माझ्या लिहिण्यात होती. तात्या हिशोब घेऊन गेलेले. त्या दिवसाच्या भावाने रक्कम दोन हजारांच्या आसपास. मालकाला सांगितलं, तो म्हणाला, "राहू दे, उद्या बघू." उद्या त्याने बघितलं नाही. मीही नाही.

चार-पाच दिवसांनी आजीने जेवताना विचारलं, "काय रं, मन खातंय का तुला?" मी तिला काही सांगितलेलं नव्हतं.

'मन खातं' हा शब्द तेव्हापासून डोक्यात आहे. मनच माणसाला खातं. म्हणजे आत दोन जण असतात, एक खाणारा आणि एक खाल्ला जाणारा. यालाच पुस्तकी मराठीत आपण सदसद्विवेकबुद्धी म्हणतो. सत् आणि असत् यांच्यातला फरक ओळखणारी बुद्धी. मराठी बायबलमध्ये यासाठी 'विवेकभाव' असाही शब्द भेटतो. मी ख्रिस्ती नाही, घर माळकऱ्यांचं. पण या एका गोष्टीवर ख्रिस्ती विचारवंतांनी दोन हजार वर्षं जेवढी डोकेफोड केलीय तेवढी फार कमी जणांनी केली असेल. आणि त्यातली सगळ्यात अवघड परीक्षा आपल्या महाराष्ट्रात, मराठी माणसांच्या घरांत झाली. ती गोष्ट सांगायचीय.

आधी शब्दाचा अर्थ बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. लॅटिनमध्ये शब्द आहे 'कॉन्शियन्शिया', म्हणजे सोबतीने जाणणं. त्याच्या आधीच्या ग्रीक शब्दाचाही अर्थ तोच. मी काही करतो तेव्हा माझ्यासोबत आणखी कुणीतरी ते जाणत असतं, आणि वेळ आली की साक्ष देतं. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की ज्यांना मोशेचं नियमशास्त्र माहीत नाही, त्यांच्याही हृदयावर ते लिहिलेलं असतं आणि आतून साक्ष मिळत असते. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. देहूच्या तुकोबांनीही खऱ्याखोट्याच्या निवाड्याला मनालाच साक्षीला बोलावलं होतं, आणि चारचौघं काय म्हणतील याला किंमत दिली नव्हती.

हा साक्षीदार तीन वेळा बोलतो, असं ख्रिस्ती नीतिशास्त्र सांगतं. करायच्या आधी बजावतो, करताना सोबत असतो, केल्यावर शाबासकी देतो नाहीतर खातो. माझ्या बाबतीत तिसराच तेवढा जोरात बोलला. पहिला बोलला होता का? बोलला असेल. पण मालकाच्या "राहू दे"चा आवाज मोठा होता.

आता 1843 मध्ये जाऊ.

तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात. मुंबईत इंग्रजांचं राज्य. तिथे स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांची शाळा होती, जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट ही त्यातली दोन मोठी नावं. त्या शाळेत दोन ब्राह्मण भाऊ होते, नारायण शेषाद्री आणि श्रीपत शेषाद्री. आडनाव परळीकर. हे आडनाव ऐकून आपल्याकडच्या माणसाचे कान टवकारले तर नवल नाही. थोरल्या नारायणाने 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण तो भावासोबत मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला होता आणि तिथे जेवला होता. त्या काळात जात जायला एवढं पुरे होतं.

वडील कोर्टात गेले. माझा मुलगा मला परत द्या. मुलगा म्हणत होता, मला जायचं नाही.

इथे थांबा जरा. चार वर्षांपूर्वी, 1839 मध्ये, अशीच एक केस याच मुंबईत झाली होती. धनजीभाई नौरोजी नावाचा पारशी तरुण ख्रिस्ती झाला आणि समाजाने त्याला परत मागितलं. तो सोळा-सतराचा होता. कोर्टाने म्हटलं, याला समज आलीय, याला वाटेल तिकडे जाऊ द्या. श्रीपतच्या वेळी कोर्टाने उलट निर्णय दिला. मुलगा अजाण आहे, बापाच्या ताब्यात द्या. भर कोर्टात पोरगं रडत होतं, असं नोंदलेलं आहे.

म्हणजे सदसद्विवेकबुद्धीला वय असतं का? सोळाव्या वर्षी आहे आणि बाराव्या वर्षी नाही? कायद्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते, ते मान्य. बारा वर्षांच्या पोराला थोरल्या भावाचं आणि गोऱ्या मास्तरांचं भारी वाटणं आणि त्याची स्वतःची श्रद्धा, यातला फरक कोण सांगणार? बापाची बाजू मला पोकळ वाटत नाही. पण त्या पोराच्या रडण्याला काहीच अर्थ नव्हता असंही म्हणवत नाही.

यातला एक योगायोग बघा. त्याच 1843 च्या मे महिन्यात तिकडे स्कॉटलंडमध्ये शेकडो पाळक आपलं सरकारमान्य चर्च सोडून बाहेर पडले. मुद्दा असा होता की मंडळीचा पाळक कोण असावा हे जमीनदारांनी आणि सरकारने ठरवायचं नाही, तो आमच्या विवेकाचा प्रश्न आहे. घरं, पगार सोडून त्यांनी फ्री चर्च काढलं. विल्सन आणि नेस्बिट त्यांच्याच बाजूने गेले. म्हणजे ज्यांनी स्वतः त्या वर्षी विवेकासाठी घरदार पणाला लावलं होतं, त्यांच्या दारात हे बारा वर्षांचं पोरगं उभं होतं.

श्रीपत घरी गेला, पण घर त्याला घेईना. जात गेलेली. इथे पुढे आले बाळशास्त्री जांभेकर, 'दर्पण'वाले. त्यांचं म्हणणं साधं होतं: या मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्या. आज वाटतं यात काय एवढं, पण तेव्हा मुंबई-पुण्याच्या शास्त्री मंडळींत रणकंदन झालं आणि बाळशास्त्रींवरच बहिष्काराची पाळी आली. तिशीतला माणूस. 1846 मध्ये ते गेले. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना पहिलं मराठी वृत्तपत्र काढणारे म्हणून वाचतो आणि पुढे जातो. या प्रकरणात त्यांनी मुलाच्या श्रद्धेची बाजू घेतली नाही, त्याला परत आणायचीच बाजू घेतली. पण त्याला घराबाहेर उभं ठेवणं त्यांना सहन झालं नाही. मला ते फार मोठं वाटतं.

आणि थोरला नारायण? तो पुढे पाळक झाला आणि जालन्याला आला. आपल्या इथून जिंतूर, मंठा करत जालन्याला गाडी जाते, तेच जालना. तिथे इंग्रजी छावणी होती. नारायण शेषाद्रींचं काम प्रामुख्याने मांग आणि महार समाजात होतं. सालारजंगांच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची वस्तीच वसवली. ज्याचा जन्म ब्राह्मणाच्या घरचा, तो मराठवाड्याच्या मातीत अस्पृश्यांबरोबर गाव वसवत होता. 1873 मध्ये हा माणूस न्यूयॉर्कला एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेत बोलायला गेला होता. आपल्या भागाच्या इतिहासात याचं नाव का येत नाही, हा माझा जुना वैताग आहे. असो.

आता जरा तेराव्या शतकात, थॉमस अक्वायनस नावाच्या साधूकडे. इटलीचा माणूस, मरण 1274. युरोपातल्या विद्यापीठांवर याच्या विचाराची शेकडो वर्षं छाप होती. त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, प्रत्येकाच्या आत असलेली मूळ जाण: चांगलं करावं, वाईट टाळावं. ही पुसली जात नाही. दुसरी, ती जाण समोरच्या प्रसंगाला लावणं: आत्ता, या पट्टीवर, या तात्यांच्या बाबतीत काय करू? सदसद्विवेकबुद्धी म्हणजे हे दुसरं काम. आणि हे काम चुकू शकतं. बेरीज चुकते तसंच.

चुकलं तर काय? इथे अक्वायनस असं काही बोलतो की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत मागे जाऊन वाचलं. तो म्हणतो, चुकलेली सदसद्विवेकबुद्धीसुद्धा माणसाला बांधते. आणि उदाहरण कुठलं घेतो? समजा एखाद्याच्या बुद्धीला खरोखर असं वाटत असेल की ख्रिस्तावर विश्वास ठेवणं वाईट आहे, तर तसं वाटत असताना तो विश्वास ठेवणं हे त्याच्यासाठी पापच. हे चर्चचा संत लिहितोय, मंडळी. मध्ययुगात. पाखंड्यांना जाळायचे त्या काळात. (त्यांना शिक्षा व्हावी असं तोच दुसरीकडे लिहितो, तेही सांगायला हवं. माणसं अशीच असतात.)

पण लगेच तो मागचं दार बंद करतो. चूक तुला टाळता येण्यासारखी होती का? माहिती करून घ्यायला हवी होती आणि तू आळस केलास, किंवा मुद्दाम डोळे मिटलेस, तर "मला तसं वाटलं" म्हणून सुटका नाही. म्हणजे विवेकाचं ऐकायचंच, पण त्याला शिकवायची जबाबदारीही आपलीच. पुढच्या काळातल्या पंडितांनी याचे प्रकार पाडले: बरोबर आणि चुकलेला, ठाम आणि शंकेतला. शंका असताना पुढे जायचं नाही, आधी शंका फेडायची. मी त्या रात्री शंकेत नव्हतो हो. ठाम माहीत होतं. म्हणून तर खात होतं.

आणखी दोन प्रकार आहेत, ते आपल्या गावात चालता-बोलता दिसतात. एक अतिकाटेकोर. याच्या लॅटिन नावाचा अर्थ बारका टोकदार खडा, चपलेत शिरलेला. पाऊल टाकलं की टोचतो. सोवळ्यात हात धुऊन धुऊन कातडी गेलेली एखादी आजी बघितली असेल तुम्ही. इग्नेशियस लोयोला, येशूसंघाचा संस्थापक, स्वतः या दुखण्यातून गेला होता. दुसरा प्रकार निबर झालेला. पौलाच्या पत्रात याला तापल्या लोखंडाने डाग दिल्यासारखा म्हटलंय. आपल्याला हे वेगळं समजावायला नको. बैलाला डाग देतात तिथली कातडी पुढे हात लावला तरी हलत नाही.

एवढी तयारी झाली. आता रमाबाई.

पंडिता रमाबाई, जन्म 1858. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष घेतला. दुष्काळात आई-वडील उपासमारीने गेले. मग भाऊ गेला. लग्न झालं, दोन वर्षांच्या आत नवरा गेला. पदरात मनोरमा. 1883 मध्ये ही पंचवीस वर्षांची विधवा मुलीला घेऊन इंग्लंडला निघाली, डॉक्टरकी शिकायला. जायच्या आधी सांगून गेली होती की मी ख्रिस्ती होणार नाही.

तिथे वाँटेज गावात सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात राहिली. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती, तिने तिथेच स्वतःचा जीव घेतला. आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्र हादरला. जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली.

बहुतेक लोक गोष्ट इथे संपवतात. बाई ख्रिस्ती झाली, खलास. पण खरी गोष्ट इथून सुरू होते.

रमाबाईंना मठात सांभाळायला होत्या सिस्टर जेराल्डिन. रमाबाई आणि छोटी मनोरमा त्यांना 'आजीबाई' म्हणायच्या. प्रेम खरं होतं, पत्रांत दिसतं. पण आजीबाईंची अपेक्षा होती की आता बाप्तिस्मा झाला, तर चर्च सांगेल ते सगळं मानायचं. रमाबाई विचारू लागल्या. देव एक आणि त्यात तीन, हे कसं? अथनेशियसच्या नावाचं ते जुनं श्रद्धावचन मी का म्हणायचं? ते बायबलमध्ये कुठे आहे? गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत? मांस खाणार नाही. आजीबाईंना यात जातीचा ताठा दिसायचा, उद्धटपणा दिसायचा.

मग चेल्टनममध्ये एक प्रकरण झालं. रमाबाई तिथल्या मुलींच्या कॉलेजात शिकत होत्या, संस्कृत शिकवतही होत्या. हिंदुस्थानात नोकरीला येणाऱ्या तरुणांना, म्हणजे पुरुषांना, त्यांनी शिकवावं असा विचार निघाला. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी नको म्हटलं. का? तर बाईने पुरुषांना शिकवलं हे कळलं तर हिंदुस्थानात तिची पत जाईल. रमाबाई उसळल्या. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर शास्त्रार्थ केला, जिच्या आई-बापांनी बायकांच्या शिक्षणापायी वनवास भोगला, तिला हे सांगायला निघाले.

1885 च्या पत्रांत त्या जे लिहितात त्याचा आशय असा. मी भटशाहीचं जोखड नुकतंच मानेवरून उतरवलंय, आता तुमच्या पुरोहितांचं घ्यायला तयार नाही. पुरोहित सांगतो ते सगळं देवाचंच असतं असं मी मानणार नाही. मला माझा विवेक आहे, बुद्धी आहे, देवाने दिलीय, आणि ती मी वापरणार. देवाची आज्ञा पाळणं वेगळं, माणसांची पाळणं वेगळं.

हे ती कोणाला सांगतेय ते बघा. ज्यांच्या घरात राहते, ज्यांच्या पैशावर जेवते, ज्यांनी पोरीला सांभाळलंय, त्यांना. परक्या देशात. मागे परतीची वाट बंद, कारण इकडे सगळे म्हणतायत धर्म बुडवला.

आणि गंमत अशी की आजीबाईंच्या मठाची परंपरा ज्या ऑक्सफर्डच्या चळवळीतली, तिचा एकेकाळचा पुढारी जॉन हेन्री न्यूमन याने दहाच वर्षांपूर्वी, 1875 मध्ये, कॅथलिक झाल्यानंतरही लिहून ठेवलं होतं की जेवणानंतर पोपच्या नावाने प्याला उचलायचाच असेल तर उचलीन, पण आधी सदसद्विवेकबुद्धीच्या नावाने. पण न्यूमन इंग्रज पुरुष होता, मोठा विद्वान. त्याने म्हटलं तर तो विवेक. काळ्या विधवेने म्हटलं तर तो हट्ट.

इथे मला या सगळ्या विषयाची गाठ सापडते. स्वतःचा विवेक सगळेच मानतात. स्कॉटिश पाळकांनी मानला, वाँटेजच्या भगिनींनी मानला, पुण्याच्या सुधारकांनी मानला. प्रश्न येतो तो आपल्यापेक्षा लहान, आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाचा विवेक मानायचा तेव्हा. बारा वर्षांचा श्रीपत. आश्रित रमाबाई.

आजीबाईंवर मात्र एकतर्फी राग काढू नका. रमाबाईंची ती सगळी पत्रं, ज्यात आजीबाई स्वतः हरताना दिसतात, ती गोळा करून ठेवली कोणी? सिस्टर जेराल्डिन यांनीच. 1977 मध्ये आपल्या राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली, अ. भि. शहांनी संपादन केलं. ज्या बाईला उद्धट म्हटलं, तिचा शब्द न् शब्द जपला. हाही विवेकच की.

पुढे रमाबाई अमेरिकेत गेल्या, तिथे पैसा उभा केला आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन काढलं, उच्चवर्णीय विधवांसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर. अट अशी की इथे धर्म शिकवायचा नाही. रमाबाईंनी शिकवलाही नाही. पण त्या स्वतः रोज प्रार्थना करायच्या आणि त्या वेळी खोलीचं दार उघडं ठेवायच्या. काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये भडका उडाला. 'केसरी'ने झोडपलं, रानडे-भांडारकर बाजूला झाले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं उत्तर: मी कुणाला बोलावत नाही, पण कुणाला हाकलणारही नाही.

रानड्यांचं वागणं समजायला तीन वर्षं मागे जावं लागतं. ऑक्टोबर 1890, पुण्याचं पंचहौद मिशन. तिथे चाळीसेक मंडळींपुढे चहा आला. कोणी प्यायला, कोणी नुसता कप ठेवून दिला. टिळक, रानडे, गोखले सगळे होते. 'पुणे वैभव'मध्ये नावं छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. एका चहावरून! शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. त्यांना स्वतःला चहात पाप वाटत नव्हतं. पण सोबतच्या मित्रांच्या घरची कार्यं अडली होती. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी आठवणींत लिहिलंय की आपल्याला हे रुचलं नव्हतं.

हाच पेच पौलाने करिंथच्या लोकांना सोडवून दिला होता. मूर्तीपुढे ठेवलेलं मांस खावं का? तो म्हणतो, मूर्तीत काही नाही, म्हणून खाल्लं तर बिघडत नाही. पण तुझ्या खाण्याने एखाद्या दुबळ्या विवेकाच्या भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नको. रानड्यांनी हेच केलं, असं त्यांच्या बाजूने म्हणता येतं. आणि नेमक्या याच सवयीमुळे ते 1893 ला रमाबाईंजवळ उभे राहू शकले नाहीत, असं मला वाटतं. ते सतत ठेच लागणाऱ्यांकडे बघत होते. रमाबाई उघड्या दाराकडे.

पण मी रमाबाईंनाही एक प्रश्न विचारणार. त्या मुली पंधरा-सोळाच्या, काही त्याहून लहान. जिने अन्न दिलं, अक्षर दिलं, ती बाई रोज सकाळी डोळे मिटून बसते आणि दार उघडं आहे. त्या उघड्या दाराची ओढ किती, ते त्या मुलींनाच ठाऊक. आणि मनोरमा? दोन वर्षांची असताना आईसोबत तिचाही बाप्तिस्मा झाला. तिला कोणी विचारलं? पुढे आजीबाई तिला आपल्या पद्धतीने वाढवायला लागल्या तेव्हा रमाबाईंनी ठणकावलं की माझ्या मुलीला काय शिकवायचं ते मी ठरवणार. श्रीपतच्या बापाचंही कोर्टात म्हणणं हेच होतं. मनोरमा पुढे आईच्याच कामात आयुष्य घालवून 1921 ला गेली, आईच्या आधी काही महिने. तिचं स्वतःचं मन काय म्हणत होतं, ते त्या दोघींच्या पत्रांच्या गर्दीत मला नीट ऐकू येत नाही.

बराच लांबला भाग. एक राहिलं, तात्यांचं.

दुकान सोडल्यावर दीड वर्षाने आठवडी बाजारात भेटले. मी दोन हजार रुपये खिशात घेऊनच फिरत होतो असं नाही, तेवढा मी थोर नाही. पण त्या दिवशी होते. चहाच्या टपरीवर त्यांना सगळं सांगितलं आणि पैसे पुढे केले. त्यांनी मोजले, बंडीच्या खिशात घातले आणि म्हणाले, "तवाच कळलं होतं मला. पोती म्याच भरलेली ना. घरी जाऊन मोजलं अन् कळलं."

"मग आला का नाहीत तात्या भांडायला?"

"पट्टी तुझ्या हातची होती. तू येतो का, ते बघत होतो." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "लई उशीर लावला बाबा."

चहाचे पैसे त्यांनीच दिले. भेटू पुढच्या भागात.